खोऱ्याकडचा प्लॉट दोनदा: फोनवरच्या एका स्क्रिप्टचं प्रकरण

फेब्रुवारीतली संध्याकाळ, सहा वाजून गेलेले. आमच्या शेतकरी गटाच्या शेडमध्ये मी दुसऱ्या दिवशीच्या द्राक्षकाढणीची यादी फोनवरून वाचत होतो आणि मुकादम वहीत प्लॉटची नावं उतरवून घेत होता. चौथं नाव वाचलं, 'खोऱ्याकडचा', तशी बाजूला क्रेट मोजत असलेल्या ताईंचा हात थांबला.

"भाऊ, परत वाचा. खोऱ्याकडचा उद्या?"

"हो ताई. 'काढा'च्या यादीत आलाय."

"कसा येईल? शनिवारी मी स्वतः उभं राहून भुरीचं औषध मारून घेतलंय. तुम्हाला मेसेजही केला होता."

मेसेज होता, आणि फाइलमध्ये नोंदही होती. तारीख, औषध, प्रमाण, सगळं जिथल्या तिथे. तरी यादी काढणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे फोनवरच्या छोट्या प्रोग्रामने, तो प्लॉट काढणीला मोकळा केला होता. ताई त्या वेळी शेडमध्ये नसत्या तर सकाळी सातला टोळी त्या बागेत शिरली असती.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण चूक शोधून निस्तरायला मला त्या रात्री पाचेक तास लागले आणि तिचं मूळ मराठीच्या एका अक्षरात सापडलं. फोनवरच्या टर्मिनलमध्ये मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कोणाच्याही हातून ती होऊ शकते.

आमची व्यवस्था

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांच्या शिवेवरचे विसेक बागायतदार, साठेक प्लॉट. थॉमसन जास्त, थोडी सोनाका, एकदोघांकडे शरद. मी नाशिकला पंचवटीत राहतो आणि हंगामात रोज जाऊन-येऊन गटाच्या नोंदी सांभाळतो. शेडमध्ये संगणक नाही. सगळं काम माझ्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या ॲपमध्ये, होतं. फवारणी झाली की सभासद मेसेज टाकतात, मी तो साध्या मजकूर फाइलमध्ये एका ओळीत बसवतो: तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण. प्लॉटचं नाव मी पुन्हा टाइप करत नाही, मेसेजमधूनच उचलतो. गावातल्या एका कृषी सेवा केंद्रातून एक्सेलमधून काढलेली यादी येते, तीही त्याच फाइलला जोडली जाते.

प्रत्येक औषधाचा पीएचआय ठरलेला असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किमान किती दिवस जायला हवेत तो आकडा. निर्यातीच्या द्राक्षांसाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्याची यादी प्रसिद्ध करतं. माझी स्क्रिप्ट प्रत्येक प्लॉटची शेवटची फवारणी शोधते, त्यात त्या औषधाचा पीएचआय मिळवते आणि दोन याद्या काढते: 'काढा' आणि 'थांबा'. मुकादमाला फक्त पहिली यादी मिळते.

२०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि माल नाकारला गेला. ते वर्ष ज्या घरांनी सोसलं, त्यांना फवारणीच्या वहीचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्या वहीची जागा मी स्क्रिप्टला दिली होती. म्हणून ताईंचा प्रश्न ऐकल्यावर मी मुकादमाला सगळीच यादी खोडायला लावली आणि सकाळी सहाला नवी देतो म्हणालो.

दिसायला एक, मोजायला दोन

पहिला संशय तारखेवर गेला. तारीख ठीक होती. मग 'थांबा'ची यादी खालपर्यंत वाचली, तर 'खोऱ्याकडचा' तिथेही होता. म्हणजे शनिवारची नोंद स्क्रिप्टने पाहिली होती, पण ती तिने दुसऱ्याच कुठल्या प्लॉटच्या खात्यात घातली होती, आणि त्या प्लॉटचं नावही 'खोऱ्याकडचा'च होतं.

ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेत नाव टाइप करून शोधलं. जानेवारीच्या तीन ओळी आल्या, शनिवारची आली नाही. औषधाच्या नावाने शोधलं तेव्हा ती मिळाली. त्या ओळीतलं प्लॉटचं नाव बोटाने धरून उचललं आणि तेच ग्रेपला दिलं, तर आता फक्त शनिवारची ओळ आली आणि जानेवारीच्या तिन्ही गायब. स्क्रीनवर दोन्ही नावं एकाखाली एक होती. फोन डोळ्याजवळ नेऊन पाहिलं, काना-मात्रेचाही फरक नव्हता.

मग डब्ल्यूसी या मोजणाऱ्या आज्ञेला कामाला लावलं. एक नाव ३० बाइटचं निघालं, दुसरं ३३ बाइटचं. अक्षरखुणा मोजल्या तर एकात १०, दुसऱ्यात ११.

३ चा फरक पाहिला आणि धागा हाताला लागला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षरखुणेला क्रमांक देणारं जागतिक मानक, आणि यूटीएफ-८ म्हणजे ते क्रमांक फाइलमध्ये बाइटच्या रूपात लिहिण्याची पद्धत. युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ गट ०९०० ते ०९७एफ या सोळापायाच्या क्रमांकांत आहे, १२८ जागांचा, आणि यूटीएफ-८ मध्ये या गटातली प्रत्येक खूण नेमके ३ बाइट घेते. 'नाशिक' हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा: ना, शि, क. युनिकोडला तो पाच खुणांचा: न, काना, श, पहिली वेलांटी, क. फाइलला तो १५ बाइटचा. फोनवर काम करताना ही तिन्ही मापं मनात वेगवेगळी ठेवावी लागतात, कारण एक आज्ञा बाइट मोजते, दुसरी खुणा मोजते, आणि वाचणारा माणूस तिसरंच मोजतो. आमच्या ३३ बाइटच्या नावात कुठेतरी एक जादा खूण होती आणि ती दिसत नव्हती.

ओडी ही आज्ञा बाइट उघडे करून दाखवते. पहिल्या नावात 'खो'च्या पुढे ई०-ए४-बी१ आणि ई०-ए५-८डी होतं, म्हणजे ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात ई०-ए४-बी०, ई०-ए५-८डी आणि त्यामागे ई२-८०-८डी, म्हणजे साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. तो जोडक अदृश्य असतो. शेजारच्या अक्षरांनी कसं जुळावं एवढंच तो सांगतो.

मराठी वाचकाला इथे वेगळं समजावण्याची गरज नाही. 'खोऱ्या', 'दऱ्या', 'सुऱ्या', 'बोऱ्हाडे' यांतला तो पापणीसारखा अर्धा र आपल्या बोटांत बसलेला आहे. शेजारच्या हिंदीला तो लागत नाही, म्हणून त्याची सोय करताना मानकालाही दोन वाटा ठेवाव्या लागल्या. इस्की हे संगणकावरच्या भारतीय लिप्यांसाठीचं १९९१ चं भारतीय मानक, त्यात ऱ पासून हा अर्धा र होतो, आणि युनिकोडने तोच नियम घेतला. पण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत र, हलन्त, जोडक अशीही वाट होती आणि जुना मजकूर मोडू नये म्हणून ती अजून वैध आहे. म्हणजे दोन्ही नावं शुद्ध. कोणीही चुकीचं टाइप केलेलं नव्हतं. ताईंनी हंगामाच्या मध्यात फोन बदलला होता, नव्या फोनचा कीबोर्ड दुसऱ्या वाटेने जात होता, एवढंच. फॉन्टने दोन्ही सारखी काढली हेही बरोबरच होतं, ती सारखीच दिसायला हवीत. चूक माझी होती. दिसण्यातल्या सारखेपणावर मी बाइटची तुलना करणाऱ्या आज्ञा सोडल्या होत्या.

दोन उपाय जे उपाय नव्हते

साडेसात वाजले होते. मला वाटलं, काम संपलंच: अदृश्य जोडक सगळीकडून काढून टाकू. सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेची एक ओळ लिहिली, चालवली, पुन्हा यादी काढली. 'काढा'मध्ये 'खोऱ्याकडचा' जसाच्या तसा, आणि 'थांबा'मध्ये एक नवाच प्लॉट उगवला: 'खोर्याकडचा'.

जोडक गेला की उरतं र, हलन्त आणि य. त्याचा रफार होतो आणि तो य च्या डोक्यावर चढतो. दिसायला हा किरकोळ शुद्धलेखनाचा दोष वाटेल, पण मराठीत त्याने शब्दच बदलतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी येतील, 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी. जी खूण मी कचरा समजून झाडून टाकत होतो, ती या नावातला अर्थ धरून होती. 'अदृश्य खुणा सरसकट काढा' हा सल्ला इंग्रजी मजकुरासाठी चालून जात असेल, मराठीला तो लावू नये. मूळ फाइलची प्रत मी आधी काढून ठेवली होती म्हणून निभावलं. तशी प्रत नसताना सेडला फाइल जागेवर बदलू देणं हा मी आता गुन्हा मानतो.

दुसरा उपाय जास्त अभ्यासाचा वाटत होता. युनिकोडमध्ये प्रमाणीकरण म्हणून एक ठरलेली प्रक्रिया आहे. एकच अक्षर दोन रूपांत साठवता येत असेल तर ती दोन्ही एका रूपात आणते. त्यातला एनएफसी हा प्रकार पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार मिळतो आणि टर्मक्समध्ये पायथन सहज बसतं. सगळी फाइल त्यातून काढली. काही फायदा झालाही: कृषी सेवा केंद्राच्या यादीतल्या थोड्या ओळींत तिसरंच रूप होतं, र च्या खाली वेगळा नुक्ता (टिंब), आणि ते एनएफसीने जोडून ऱ केलं. पण ताईंचा जोडकवाला र हलला नाही. कारण साधं आहे. ऱ आणि 'र अधिक नुक्ता' ही युनिकोडच्या लेखी एकाच अक्षराची दोन रूपं आहेत. ऱ-हलन्त आणि र-हलन्त-जोडक यांना मात्र ते तसं नातं देत नाही, त्याच्या लेखी हे दोन वेगळे मजकूर आहेत. मराठी डोळ्याला तिन्ही एकच. ते एकपण मराठी माणसालाच सांगावं लागतं.

मग क्रम असा बसवला. आधी र-हलन्त-जोडक दिसेल तिथे ऱ-हलन्त. त्यानंतर एनएफसी. त्यानंतरच उरलेले जोडक आणि त्यांचा भाऊ, शून्य रुंदीचा विजोडक, काढायचे. न तुटणारी मोकळी जागा साध्या जागेत बदलायची आणि लागोपाठच्या जागा एक करायच्या. क्रम उलटा केला तर पहिल्या उपायातला रफार परत येतो.

यातच ॲ चा प्रश्न सुटला. 'ॲग्रो' हा शब्द आमच्या फाइलमध्ये तीन तऱ्हांनी होता: ॲ ही एकच खूण, अ वर चंद्र, आणि हिंदी पद्धतीचा ऍ. पहिली खूण युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आली, त्याआधीचे कीबोर्ड आणि फॉन्ट बाकीच्या दोन वाटांनी जायचे. इथेही एनएफसी हात लावत नाही, म्हणून तिन्हींचं ॲ करणारी ओळ मीच लिहिली.

एक निर्णय मात्र त्या रात्रीचा सगळ्यात चांगला निर्णय म्हणून सांगतो. हे सगळे बदल मूळ नावावर केलेच नाहीत. ताईंनी जे पाठवलं ते बाइटला बाइट तसंच ठेवलं, आणि शेजारच्या रकान्यात त्यापासून तयार केलेली 'किल्ली' लिहिली. तुलना किल्लीची, दाखवायचं नाव मूळचं. उद्या माझा नियम चुकीचा ठरला तर किल्ल्या पुन्हा पाडता येतील. नावं एकदा बदलली की परत आणता येत नाहीत.

किल्लीने चालवल्यावर 'खोऱ्याकडचा' एकाच यादीत आला, 'थांबा'मध्ये. आणखी दोन प्लॉट त्याच्यासोबत तिकडे गेले. त्या दोघांबद्दल कोणी विचारलंही नव्हतं.

गंधकाची शून्यं

एक चूक सापडली की मी बाकीचा हिशेबही उकरतो. गटाला हंगामात किती गंधक लागलं त्याची बेरीज स्क्रिप्टच करते. प्लॉटवार पाहिलं तर काही ठिकाणी बेरीज शून्य, आणि ती सगळी वडीलधाऱ्या सभासदांची. ते कीबोर्डवर मराठी अंक वापरतात, तरुण मुलं इंग्रजी. ऑक ही आज्ञा संख्या ओळखते ती इंग्रजी अंकांनीच. मराठी '१२' तिला शब्द दिसतो, आणि शब्दाची किंमत ती शून्य धरते. चूक सांगत नाही, थांबत नाही, शून्य मिळवून पुढे जाते. पीएचआयसाठी प्रमाण लागत नसल्यामुळे हे इतके दिवस खपलं. पण ज्या माणसांनी सगळ्यात नेटकी नोंद पाठवली त्यांचीच नोंद शून्य व्हावी, याचं मला फार वाईट वाटलं.

टीआर या अक्षरं बदलणाऱ्या आज्ञेने अंक बदलू पाहिले तर मजकूरच फाटला, कारण आमच्याकडची टीआर एकेक बाइट बदलते आणि मराठी अंक तीन बाइटचा असतो. सेडमध्ये दहाच्या दहा अंकांची जोडी दिली की यूटीएफ-८ मध्ये काम नीट होतं. पायथनला तर मराठी अंक थेट समजतात, '१२' दिलं की बाराच घेतं. मी बेरीज पायथनकडे नेली.

कापलेली अक्षरं

मुकादमाकडे बटणांचा फोन आहे. वहीत उतरवलेलं हरवलं तर असावी म्हणून मी त्याला यादी एसएमएसनेही पाठवतो. एसएमएसच्या एका भागात १४० बाइट मावतात: इंग्रजी असेल तर १६० अक्षरं, मराठी असेल तर ७० खुणा, कारण तिथे प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात. जागा वाचवायची म्हणून मी प्रत्येक नाव कट या आज्ञेने २० 'अक्षरांवर' कापत होतो. अक्षरं मागितली तरी माझ्या फोनवरची कट बाइटच मोजते. 'विहिरीजवळचा' हे नाव ३३ बाइटचं. त्यातले २० घेतले की 'विहिरी'पर्यंत १८ होतात आणि ज चे पहिले दोन बाइट लटकत राहतात. मुकादमाच्या फोनवर तिथे काळा चौकोन यायचा आणि त्याला वाटायचं, हे माझं काहीतरी चिन्ह आहे. दोन महिने त्याने ते वहीत तसंच गिरवलं होतं.

अशा तुटक्या बाइटचा दुसरा त्रास म्हणजे त्या फाइलवर ग्रेप चालवलं की ते ओळी दाखवायच्या ऐवजी 'बायनरी फाइल जुळते' एवढंच म्हणून गप्प बसतं. हा संदेश मराठी फाइलवर दिसला तर आधी समजावं की मध्येच कुठेतरी अक्षर कापलं गेलं आहे.

बाइटऐवजी खुणांवर कापलं तरी पुरत नाही. 'नाशिक' तीन खुणांवर कापलं की 'नाश' उरतो. कापायचं तर वाचणाऱ्याच्या अक्षरावर, आणि ते अक्षर कुठे संपतं हे ठरवणंही सोपं नाही. त्र्यंबकेश्वर घ्या. खुणा १३, बाइट ३९. आपण म्हणू त्र्यं, ब, के, श्व, र, अशी पाच अक्षरं. युनिकोडचा अक्षरगटांचा नियम मात्र बरीच वर्षं हलन्तानंतर तोडायचा आणि आठ मोजायचा. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरणारा नियम आला. तुमच्या फोनवरची लायब्ररी त्याआधीची असेल तर ती अजूनही 'श्' आणि 'व' वेगळे मोजेल. मी कापणंच बंद केलं. नाव पूर्ण पाठवतो, एसएमएस दोन भागांत गेला तर जाऊ दे.

टर्मिनलमध्ये मराठी कशी दिसते याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिने माझा अर्धा तास खाल्ला. टर्मिनल मजकूर समान रुंदीच्या चौकटींत मांडतं. काना चौकट घेतो, मात्रा घेत नाही, जोडाक्षर मध्येच फाकतं, आणि रकाने वाकडे होतात. टर्मिनलमधली रकाने छापणारी प्रिंटएफ ही आज्ञा तर रुंदी बाइटमध्ये मोजते, त्यामुळे 'नाशिक'ला २० ची जागा दिली की मागे पाचच मोकळ्या जागा पडतात. हे सगळं पाहून मला वाटलं फाइलच बिघडली. ती धड होती. पडद्यावर मोडलेलं दिसणं आणि फाइलमध्ये मोडलेलं असणं हे दोन वेगळे आजार आहेत. ओळ उचलून दुसऱ्या ॲपमध्ये चिकटवा. तिथे नीट दिसली तर फाइलला हात लावू नका.

उलटा आजार कृषी सेवा केंद्राकडून आला होता. माझी फाइल त्यांच्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी सगळीकडे तिरपी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ए आणि त्याला चिकटून चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनची खूण. त्यांना वाटलं मी फॉन्ट दिला नाही. खरं तर ई० हा बाइट विंडोजच्या जुन्या पश्चिमी अक्षरतक्त्यात तो ए असतो, ए४ हे चलनचिन्ह आणि ए५ म्हणजे येन. देवनागरीची प्रत्येक खूण ई०-ए४ किंवा ई०-ए५ ने सुरू होते, म्हणून तीच नक्षी पुन्हा पुन्हा. ती दिसली की निर्धास्त व्हावं: मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता धरला आहे. फाइलच्या सुरुवातीला ईएफ-बीबी-बीएफ ही तीन बाइटची खूण ठेवली की एक्सेल योग्य तक्ता उचलतो. तशी खूण असलेली फाइल त्यांच्याकडून परत आली की मात्र ती आधी काढायची, नाहीतर पहिल्या ओळीतलं पहिलं नाव कधीच जुळत नाही. ओळींच्या शेवटी विंडोज जो जादा बाइट ठेवतं तोही त्याच वेळी काढावा.

वर्णक्रमाचं थोडक्यात. घरच्या लिनक्स संगणकावर मराठी लोकेल, म्हणजे भाषेचे नियम ठरवणारी मांडणी, लावता येतं, म्हणून मी फोनवरही तेच मागत होतो. अँड्रॉइडची सी लायब्ररी बायोनिक, ती भाषावार लोकेल देतच नाही. यूटीएफ-८ तिला कळतं, मराठीचा वर्णक्रम कळत नाही. सॉर्ट ही क्रम लावणारी आज्ञा यादी खुणांच्या क्रमांकाने लावते, त्यामुळे ळ हा ह च्या पुढे न जाता ल च्या मागोमाग येतो, आणि 'ॲग्रो' सगळ्या व्यंजनांच्या आणि अंकांच्याही खाली जाऊन बसतो. यादी वाचणाऱ्याला ते खटकतं, हिशेबाला बाधा नाही. मी ते तसंच सोडलं.

सकाळ आणि नंतर

सव्वाअकराला नवी यादी निघाली. ती मी फोनवर न ठेवता प्रत्येक सभासदाला फोन करून वाचून दाखवली, आणि 'तुमची शेवटची फवारणी कधीची' हे तोंडी विचारून घेतलं. दोघे झोपेतून उठले, एकाने रागही धरला. ते मला मान्य होतं. ज्या यंत्राने संध्याकाळी चूक केली, त्याच्या रात्रीच्या उत्तरावर साक्षीदार हवा होता. सकाळी टोळी खोऱ्याकडच्या ऐवजी विहिरीजवळच्या प्लॉटमध्ये गेली.

त्यानंतर गटाच्या बैठकीत मी आग्रह धरला की जोडणी नावाने करायचीच नाही. निर्यातीच्या प्लॉटना ग्रेपनेट या द्राक्षनिर्यातीच्या नोंदणी व्यवस्थेचा क्रमांक असतोच. बाकीच्यांना आम्ही आमचे क्रमांक दिले आणि ते बांधावरच्या लोखंडी खांबांवर रंगवले. अध्यक्षकाकांना हे पटायला वेळ लागला. "बागेला नाव असतं रे, नंबर बैलगाडीला," असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. म्हणून मेसेजमध्ये आता दोन्ही येतं, क्रमांक आणि नाव. स्क्रिप्ट क्रमांकाने जोडते आणि नावाच्या किल्लीने पडताळते. दोन्ही जुळले नाहीत तर ती ओळ कुठल्याच यादीत जात नाही, वेगळी काढून मला दाखवली जाते. आणि ज्या प्लॉटची अशी ओळ लटकलेली असेल तो 'काढा'मध्ये येऊच शकत नाही. संशय असेल तर थांबा, हा नियम आधीच लिहायला हवा होता.

यादी काढण्याआधी स्क्रिप्ट आता एक छोटी परीक्षा देते. तिच्यासाठी मी नावांची एक फाइल ठेवली आहे. पहिल्या ओळीत 'खोऱ्याकडचा' तीन रूपांत आहे, तिन्हींची किल्ली एक यायला हवी. दुसऱ्या ओळीत 'दऱ्या' आणि 'दर्या' आहेत, त्यांची कधीही एक येता कामा नये. तिसरीत ॲ ची तिन्ही रूपं, चौथीत मराठी अंकांतलं गंधकाचं प्रमाण. एकही ओळ नापास झाली तर यादी निघत नाही. मार्चमध्ये ताईंनी त्यात पाचवी ओळ घालायला लावली: त्यांच्या नव्या प्लॉटचं नाव, 'कुऱ्हाडबांध', जुन्या फोनवरून आणि नव्या फोनवरून, दोन्ही.